कडुलिंबावरचा नंबर

दंडाचं भ्या मला घालू नका, मास्तर. बसा, आधी पाणी प्या. ताटीतून आत आलात न्हाई तोवर तुम्ही म्हणालात, "आजोबा, सांगितलं न्हाई तर सरकार दंड करतंय." मी सांगत न्हाई असं म्हणालोय का? मी एवढंच म्हणालो, की जरा हळू विचारा. तुम्ही गणतीवाले एका दमात सगळं विचारून मोकळे होता, आन् वहाणा पायात घालून निघता. मंग माणसानं बसून राहावं का लिंबाकडं बघत?

मागच्या मर्दुमशुमारीत, म्हणजे दहा वरसांमागच्या माणसांच्या गणतीत, निजाम सरकारच्या तेराशे चाळीस फसली सालात, दंड भरलेला माणूस हाय मी. आन् रडत न्हाई, खुशीनं भरला. साऱ्या तालुक्यात असा दुसरा सापडायचा न्हाई. ऊन उतरू द्या, तोवर ते ऐका. जळकोटची वाट काय पळून चालली न्हाई.

मी या आखाड्यावर, वावरातल्या या खोपीवर, एकटाच हाय, ते तुम्हाला दिसूनच राहिलंय. बायको लवकर गेली, लेकरूबाळ झालं न्हाई. गावात वडिलांचं घर होतं, तिथं माझा धाकटा भाऊ राहायचा, सिद्धलिंग. त्याची बायको केवळाबाई. मी बी तिथंच राहायचो आधी. मंग आई वारली.

आई वारली तव्हा मी माळेगावच्या जत्रेत होतो, बैल घ्यायला. लाल्या नावाचा बैल, लाल कंधारी, त्याच खेपेला आणला. मोठ्या हौसेनं त्याच्या शिंगाला गोंडे बांधून गावात शिरलो, तर वेशीवरची माणसं खाली बघायला लागली. आईची माती सुद्धा उरकली होती. आम्ही लिंगायत, आमच्यात बसवून पुरतात, तुम्हाला ठाऊक असंल. सिद्धलिंगनं आईला त्याच्या वाट्याच्या वावरात बसवलं आन् वरून माती लोटली. मला तोंड सुद्धा बघू दिलं न्हाई.

तो म्हणाला, मी माणूस धाडला होता. माणूस म्हणाला, वीरभद्रअण्णा जत्रेत सापडले न्हाईत. आता माळेगावच्या जत्रेत एक माणूस हुडकून सापडतोय होय, मास्तर? देव सुद्धा सापडायचा न्हाई त्या गर्दीत. पण तव्हा माझं डोकं फिरलेलं. ओल्या मातीपाशी उभं राहून, गळ्यातलं लिंग मुठीत धरून मी बोललो, "याच्याशी पुन्हा एक शबूद बोललो तर शिवाची आण." सिद्धलिंग बी एकाच आईचा. त्यानं बी लिंग धरलं आन् तीच आण घेतली. केवळाबाई मधी पडायला लागली तर दोघांनी बी तिला गप केलं. मी त्याच दिवशी बाज उचलली आन् इथं आखाड्यावर आलो.

अबोला सगळ्यांच्या घरी असतोय हो. सासूसुनांचा असतोय, नवराबायकोचा असतोय. दोन दिस भांडी आपटायची, भिंतीला सांगायचं, "ज्याला जेवायचं त्यानं जेवावं," मंग कुणीतरी हसतंय आन् मिटतंय. आमचा न्हाई मिटला, कारण लिंगावरची आण. ती मोडायची कशी? त्याला बी सुचंना, मला बी सुचंना. बाजारात दिसला तर तो भुसाराच्या दुकानात शिरायचा, मी तेल्याच्या. गावकीच्या जेवणाला एका पंगतीत बसलो तर वाढप्याला सांगायचो, "त्या तिकडच्या माणसाला तूप वाढा." तेवढंच.

अशी वरसं गेली. मंग मर्दुमशुमारीची दवंडी पिटली. घराघरावर गेरूनं नंबर पडंल, नंबर पुसला त्याला दंड. गणतीवाल्यानं विचारलेलं सांगितलं न्हाई, त्याला दंड. खोटं सांगितलं, त्याला दंड. आन् गणतीवाल्यानं एक बी घर सोडलं तर त्याला बी दंड, वर नोकरीवरून खाली. आमच्या गावचा गणतीवाला कोण? तर सिद्धलिंग! उदगीरला उर्दू शिकलेला, पटवाऱ्याच्या हाताखाली लिहायचा. दुसरं कोण मिळणार सरकारला?

मला जे हसू फुटलं म्हणता! लाल्याच्या पाठीवर थाप मारली आन् म्हणालो, "आता कुठं जातोय बेटा? सरकारनं वेसण घातली न्हवं! आता यावं लागंल, आन् माझ्यापुढं उभं राहून तोंड उघडावं लागंल." त्या दिवशी मी आखाडा झाडला, अंगणात सडा टाकला. तुरीच्या फणकाट्याची ताटी मोडली होती, ती नीट बांधली. कशाला, ते माझं मलाच ठाऊक.

आला. एका हातात गेरूचं मडकं, दुसऱ्या हातात काथ्याचा कुंचला. मी बाजेवर बसून दोरी वळायचं सोंग केलं. त्यानं नंबर लिहायला जागा हुडकली. दार न्हाई, भिंत न्हाई, नुसती ताटी. मंग या लिंबाच्या बुंध्यावर, जिथं आत्ता तुमचा नंबर हाय, तिथंच त्यानं नंबर काढला. अक्षर त्याचं लई सुबक. मी हळूच बघितलं. कानापाशी केस पांढरे झालेले. वाकताना गुडघ्यावर हात ठेवायला लागलेला, आमचे वडील ठेवायचे तसा. माझ्याकडं बघितलं सुद्धा न्हाई. नंबर काढला आन् गेला.

तो गेल्यावर आखाडा असा भकास वाटायला लागला, की काय सांगू. आधी बी एकटाच होतो, पण आधी असं वाटत न्हवतं.

आता पुढची गंमत ऐका. लाल्याची मान खाजायची. नेहमी त्याच बुंध्याला घासायचा. दुसऱ्या दिवशी बघतो तर नंबर साफ! अर्धा गेरू लाल्याच्या मानेला आन् अर्धा मातीत. मी घाबरलो, दंड बसतोय म्हणून. कुणीतरी गावात सांगितलं असणार, कारण सांजेला सिद्धलिंग मडकं घेऊन हजर. बुंधा बघितला, लाल्याची मान बघितली, आन् लाल्याला म्हणाला, "काय रे लाल्या, सरकारी नंबर पुसतोस? मालकानं शिकवलं न्हाई का तुला काही?"

मास्तर, तुम्हाला कसं सांगू. किती वरसांनी तो आवाज माझ्या अंगणात! माझ्याशी न्हवता बोलत, बैलाशी बोलत होता, पण माझ्या अंगणात. माझ्या हातातली दोरी खाली पडली. मी बी लाल्याकडं तोंड केलं आन् म्हणालो, "लाल्या, सांग त्यांना, मालकाला शिकवायला शाळेत कोण धाडलं होतं? शिकलेले एकच हायेत आमच्या घरात."

तो हसला का न्हाई, दिसलं न्हाई. पाठ होती माझ्याकडं. पण कुंचला जरा थांबला.

त्या दिवसापासनं मी लाल्याला मुद्दाम त्या लिंबालाच बांधायला लागलो. हाव, मुद्दाम! आखूड दाव्यानं बांधायचो, म्हणजे मान तिथंच घासायचा. अहो, दंड होतो ते मला ठाऊक होतं. पण नंबर पुसला की सिद्धलिंग यायचा. आला की लाल्याला शिव्या द्यायचा. मी लाल्याच्या वतीनं उत्तर द्यायचो. एकदा लाल्याला म्हणाला, "जवारी कशी हाय यंदा?" मी म्हणालो, "लाल्या, सांग, कणसं चांगली भरलीत, पण पाखरं लई." एकदा म्हणाला, "तुझ्या मालकानं सुपारी सोडली का, आमच्या घरची विचारत होती," म्हणजे केवळाबाई माझी चवकशी करत होती. मी लाल्याला म्हणालो, "सांग, सोडली न्हाई. सोडून कुणाचं भलं करायचंय?" लाल्या बिचारा कान हलवायचा. आमच्या दोघांमधी तोच एक शहाणा होता.

मंग नंबराचं झाल्यावर माणसं लिहायचं आलं. कागद घेऊन आला. लाल्याला विचारलं, "मालकाचं नाव?" मी सांगितलं. "धरम? बोली? काम?" सगळं सांगितलं. "वय?" मी दोरीला पीळ द्यायला लागलो. त्यानं पुन्हा विचारलं. मी म्हणालो, "लाल्या, सांग त्यांना, वय आठवून न्हाई राहिलं. उद्या आठवंल." उद्या आला तर म्हणालो, परवा. वय सांगितलं की काम संपलं, मंग तो कशाला येईल? त्याच्या बी ते ध्यानात आलं असणार. नुसता बैलाकडं बघून म्हणाला, "न सांगणाऱ्याला दंड असतोय, लाल्या." मी म्हणालो, "घर अर्धं सोडणाऱ्याला बी असतोय."

त्याला खोकला लागला होता. खोकताना लिंबाला धरायचा. विचारावं वाटायचं, औषध घेतलंस का? पण तोंडात शबूद यायचा आन् परत जायचा. आण म्हणजे आण.

एक दिवस घोड्यावर बसून गिरदावर साहेब आले, सगळ्या गणतीवाल्यांचं काम तपासायला. बरोबर सिद्धलिंग. बुंध्यावर नंबर न्हाई. साहेबाचं डोकं फिरलं. "किसने मिटाया?" मंग सिद्धलिंगकडं वळले आन् जे बोलायला लागले, ऐकवत न्हवतं. एका नंबरासाठी किती खेपा? घर बी अपुरं. तू लायक न्हाईस, तुझी पटवाऱ्याकडची नोकरी काढतो. सिद्धलिंग खाली मान घालून उभा, तो बी आपल्या थोरल्यासमोर. माझा खेळ त्याच्या पोटावर आला होता.

मी पुढं झालो. "साहेब, नंबर मी पुसला. दंड माझ्यावर घाला."

तर सिद्धलिंग काय म्हणाला असंल? साहेबाला म्हणाला, "न्हाई साहेब. बैलानं पुसला. या माणसानं आयुष्यात सरकारचं काही बुडवलं न्हाई. खोटं बोलून राहिलाय."

"खोटं बोलण्याला बी दंड हाय!" साहेब ओरडले. आम्हा दोघांकडं येड्यागत बघायला लागले. शेवटी म्हणाले, "शेवटच्या मोजणीच्या सांजेला हे घर पुरं पाहिजे. न्हाई झालं तर दोघांना बी उदगीरला तहसीलदारापुढं उभं करतो." गेले. सिद्धलिंग घोड्यामागं चालत गेला. वळून बघितलं न्हाई. पण "या माणसानं" म्हणाला होता, ते मी कितीतरी दिवस मनात घोळवत राहिलो. माझ्याबद्दल चांगलं बोलला होता, मास्तर. सगळ्यांपुढं.

शेवटची मोजणी म्हणजे तव्हा अशी होती, आता तुमची पद्धत बदलली म्हणतात. सांज झाली की ज्यानं त्यानं आपल्या घरात बसायचं, दिवा लावायचा, गणतीवाला येऊन जाईस्तोवर उंबरा ओलांडायचा न्हाई. जो जिथं सापडंल तो तिथं लिहिला जाईल. आपलं घर सोडून गेला तर दंड. मी ठरवलं, आज वय सांगायचं. त्याची नोकरी राहू दे. पण त्याला बसवायचं, जेवायला घालायचं. जेव म्हणायची गरज न्हाई, लाल्याला सांगितलं की झालं. मी भाकऱ्या थापल्या, पिठलं टाकलं, लसणाचं तिखट कुटलं. लाल्याचं दावं सोडून लांब बांधलं. त्या दिवशी नंबर शाबूत होता.

दिस बुडाला. ताटीशी पाय वाजले. मी उठून उभा राहिलो. तर सिद्धलिंग न्हाई, शंकरप्पा. आमच्या गावचा भुसारवाला, त्याला बी थोडं उर्दू यायचं.

"सिद्धलिंग कुठाय?"

"तापानं पडलाय अण्णा. तीन दिस झाले. आज उठवंना, म्हणून कागद मला दिले. बोला, वय किती?"

मी वहाणा पायात घातल्या.

"अण्णा, कुठं? अण्णा, आज घर सोडता येत न्हाई! मी अजून लिहिलं न्हाई तुम्हाला! गैरहाजर लिहावं लागंल, दंड पडंल!"

"लिही," म्हणालो. "दिवा जळून राहिलाय, तेवढा विझव."

गावात शिरलो तर गल्ल्या सुनसान. माणूस न्हाई, कुत्रं सुद्धा भुंकंना. सगळी दारं लोटलेली, प्रत्येक फटीतून उजेड, आन् आत माणसं माणसांजवळ बसलेली. साऱ्या गावात रस्त्यावर एकटा मी. माझ्या पायांचा आवाज मलाच ऐकू यायला लागला. आपल्या घराशी आलो. दारावर गेरूचा नंबर, त्याच सुबक अक्षरात. कडी वाजवायला हात उचलेना हो. इतक्या वरसांत त्या दाराला हात लावला न्हवता.

केवळाबाईनं दार उघडलं. मला बघून तोंडावर पदर धरला. म्हणाली, "भावजी, या." एवढंच. जणू मी सकाळी वावरात गेलो होतो आन् आता आलो.

सिद्धलिंग घोंगडीवर पडलेला. डोळे लाल, ओठ सुकलेले. मला बघितलं आन् भिंतीकडं तोंड फिरवलं. मी त्याच्या पायाशी बसलो. तिथं लाल्या न्हवता. आता बोलायचं कुणाशी? केवळाबाई ताटकळत उभी. तांब्या होता जवळ, मी त्याच्या ओठाला लावला. प्याला. पाण्याला आण न्हवती.

थोड्या वेळानं शंकरप्पा आला, धापा टाकत. मला तिथं बघून कपाळावर हात मारला. पण मोजणी ती मोजणी. कायद्यानं घरच्या कर्त्याला विचारायचं असतंय. त्यानं सिद्धलिंगला विचारलं, "आज सांजेला या घरात कोण कोण हाय?"

सिद्धलिंग कोपरावर उठला. केवळाबाई आधार द्यायला गेली तर हात बाजूला सारला. म्हणाला, "मी. माझी बायको." मंग थांबला, खोकला. मला वाटलं, संपलं. "आन् माझा थोरला भाऊ, वीरभद्र. वय एक्कावन्न. दसऱ्याचा जलम. आई सांगायची."

म्हणजे माझं वय त्याला आधीपासनं ठाऊक होतं! रोज यायचा, रोज विचारायचा, आन् उत्तर खिशात घेऊन फिरायचा! न विचारता लिहिता आलं असतं त्याला पहिल्याच दिवशी. मास्तर, मी तिथं बसून लेकरासारखा रडलो. माझ्याशी बोलला न्हवता तो, शंकरप्पाशी बोलला होता. आण मोडली न्हाई. पण त्या मोजणीत आम्ही एका घरात लिहिलो गेलो. एका चुलीचे.

दंड झाला, नंबर पुसल्याचा बी आन् घर रिकामं सोडल्याचा बी. उदगीरला जाऊन भरला. कचेरीतला माणूस म्हणाला, हसतो कामून? मी म्हणालो, तुम्हाला न्हाई कळायचं.

सिद्धलिंग त्या तापातून उठला. पुढं आम्ही बोललो का? न्हाई. आण होती न्हवं. पण महिन्यापंधरवड्याला तो यायचा, लाल्याला आमच्यातला "शरणार्थ" नमस्कार करायचा, गवताची पेंढी टाकायचा, आन् लिंबाखाली बसून लाल्याला गावातल्या गोष्टी सांगायचा. मी लाल्याच्या वतीनं हुंकार द्यायचो. मंग लाल्या म्हातारा झाला आन् एका पावसाळ्यात गेला. त्यानंतर सिद्धलिंग एकदाच आला. रिकाम्या खुंट्याकडं बघत लई वेळ बसला, मी बी बसलो. दोघांना बी काय करावं कळंना. उठून गेला. पुन्हा आला न्हाई. चार वरसं झाली, तो बी गेला. त्या वेळी मात्र मला बोलवायला माणूस धाडला होता, आन् माणसाला मी सापडलो बी. मी पोचलो तव्हा तो बसलेला होता, विभूती लावलेली, फुलं घातलेली. त्याच्या कानाशी वाकून मी त्याच्याशी बोललो. मेलेल्या माणसाशी बोलल्यानं आण मोडती का, मला ठाऊक न्हाई. मोडली असंल तर मोडू दे. केवळाबाई तिच्या भावाकडं गेली, देगलूरकडं. घराला कुलूप हाय.

लई एकटं वाटतंय, मास्तर. आधी मी कुणाला सांगायचो न्हाई, आता सांगतो. दिवसभरात कुणाचा आवाज कानावर पडत न्हाई. दवंडी ऐकली की नवी मर्दुमशुमारी हाय, तव्हा परत आखाडा झाडला, सडा टाकला. तुम्ही गेरूनं नंबर काढून गेलात त्या दिवशी मी बाजाराला गेलो होतो, तुमची गाठ पडली न्हाई. लई हळहळ लागली.

लिहा आता. नाव वीरभद्र. वय एकसष्ट. माणसं एक. दुसरं कुणी न्हाई, बाई न्हाई, भाऊ न्हाई. बैल तुम्ही लिहीत न्हाई, आन् तो बी न्हाई.

झालं? उठलात? बसा की जरा. बरं, जा, ऊन उतरलं. पण जाता जाता एक सांगून जा. आता इथं मान घासायला बैल न्हाई, पण माझा हात हाय, आन् ओलं फडकं हाय. हा नंबर पुसला गेला, तर तुम्हाला परत यावं लागतंय न्हवं? दंड काय असंल तो मी भरतो.